लेकराचे खाते निराळे

जुन्नर तालुक्यात आळे नावाचे गाव आहे. वारकऱ्यांना ते निराळे सांगायला नको. पैठणला ज्ञानदेवांनी ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदविले, त्या रेड्याची समाधी आळ्याला आहे अशी परंपरा आहे, आणि भाविक माणूस तेथे जाऊन माथा टेकून येतो. माथा टेकताना आपल्याला चमत्कार आठवतो. परंतु त्या चमत्काराची वेळ का आली, हे सहसा कोणी आठवीत नाही. ती चार भावंडे पैठणला गेली होती ती दाखला मागायला.

विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेने ते पुन्हा संसारात आले. शास्त्रदृष्ट्या हा दोष होता की नव्हता, याचा खल विद्वानांनी करावा. दोष होता असे धरून चालले, तरी तो विठ्ठलपंतांचा. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता यांनी काय केले होते? जन्म घेतला होता, एवढेच. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले तरी लेकरांच्या मागचा ससेमिरा सुटला नाही. बापाच्या खात्यावरची बाकी लेकरांच्या नावे चढली, आणि शुद्धिपत्रासाठी त्या कोवळ्या जिवांना वणवण करावी लागली.

वाचकहो, या लेखात सांगायचे आहे ते थोडक्यात असे. लेकराचे खाते आईबापांच्या खात्याहून निराळे आहे. आईबाप चुकले, दरिद्री निघाले, पोटासाठी परगावी गेले, दारूत बुडाले, अकाली वारले, किंवा चारचौघांना न रुचणारा धंदा करू लागले, तरी लेकराला जे देणे आहे त्यात एका पैचीही घट होत नाही. मुलांच्या हक्कांविषयी आणि कुटुंबकल्याणाविषयी सरकार जी धोरणे आखते, ती खरी की खोटी हे याच कसोटीवर घासून पाहावे. आणि सरकारला कसोटी लावताना ती आपल्या स्वतःलाही लावावी.

मूल कोणाचे, असे विचारले तर तीन उत्तरे मिळतात. बाप म्हणतो, "पोर माझं आहे, मी त्याचं काय वाटेल ते करीन." पुढारी म्हणतो, मूल ही राष्ट्राची संपत्ती आहे. भाविक म्हणतो, सारी देवाची लेकरे. तिन्ही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. तिघेही मालक कोण हे सांगतात, देणेकरी कोण हे कोणीच सांगत नाही. मूल ही कोणाची मालमत्ता नव्हे, ती ठेव आहे. ठेवीवर मालकी सांगता येत नाही, तिचा हिशेब मात्र द्यावा लागतो. घराने द्यायचा तो घराने, गावाने द्यायचा तो गावाने, आणि राज्याने द्यायचा तो राज्याने. हक्क हा शब्द ऐकला की पुष्कळांना तो परका आणि भांडखोर वाटतो. परंतु हक्क म्हणजे दुसऱ्या बाजूने पाहिलेले ऋणच. आपण ऋण मानणारी माणसे आहोत. देवऋण, पितृऋण आपल्याला ठाऊक आहे. लेकरांचे ऋण तेवढे आपण वहीत मांडत नाही.

आता कायद्याने हे खाते निराळे करायला किती काळ घेतला ते पाहा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सोळावे कलम घातले गेले. आईबापांचे लग्न कायद्यापुढे टिकले नाही, तरी त्या लग्नातून झालेले मूल औरस मानावे, असा त्याचा भाव आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानेही तेच केले. लग्न लावणारांना शिक्षा सांगितली, पण त्या लग्नातून जन्मलेले मूल औरसच राहील असे स्पष्ट लिहून ठेवले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला शाळेचे दार उघडले, आणि वयाचा दाखला नाही म्हणून कोणालाही प्रवेश नाकारता येणार नाही असे बजावले. मागच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हीही सबब चालणार नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरविले की त्या वर्षाच्या १ मेपासून जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे सरकारी कागदोपत्री आधी आईचे नाव लागेल, मग बापाचे. "बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर" ही आपली म्हण. ती वादात शोभते. शाळेच्या दारात उभ्या राहिलेल्या पोराला ती ऐकवणे हे पाप आहे, हे कायद्याला उशिरा का होईना कळले.

दाखलाच नको, असे मात्र मी म्हणत नाही. जन्माची नोंद हे लेकराचे पहिले कवच आहे. नोंद नसली म्हणजे चौदा वर्षांची पोर अठराची ठरविता येते आणि बारा वर्षांचे पोर कामावर लावता येते. पण ती नोंद करून ठेवणे हे मोठ्यांचे काम आहे. मोठ्यांनी ते केले नाही म्हणून लेकराला उपाशी किंवा अडाणी ठेवणे, ही पैठणचीच रीत झाली.

कायदा कागदावर असतो, लेकरू मातीत असते. तेव्हा आता आपल्या मुलखाकडे वळू.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांना दोन अंगे आहेत. पश्चिमेला नाणेघाटापासून आहुप्यापर्यंत सह्याद्रीचे डोंगर आहेत. तेथे महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या वाड्यावस्त्या आहेत. भात, नाचणी, वरई ही त्यांची पिके, आणि हिरडा हा त्यांचा हक्काचा पैसा. पूर्वेला डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पातल्या धरणांचे पाणी खेळते. तेथे ऊस आहे, द्राक्षे आहेत, कांदा आणि टोमॅटो आहे. पाणी डोंगरात अडते आणि पिकते ते खाली. मग भात झोडून झाले की पाण्यामागोमाग डोंगरातली माणसेही खाली उतरतात. नारायणगावच्या मजूरबाजारात नवराबायको उभी राहतात, बागाईतदार येतो, रोजाचा भाव ठरतो आणि ती त्याच्या गाडीत बसून जातात. सोबत पोर असते. कडेवरचे असले तर बांधावर झोळीत निजते. दहा वर्षांची मुलगी असली तर ती त्या झोळीची राखण करते, आणि तिकडे गावच्या शाळेत तिच्या नावापुढे गैरहजर असे लागत जाते.

त्याच सुमाराला बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्या भाषेत जोडप्याला माणूस म्हणत नाहीत, कोयता म्हणतात. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत कोयता थांबत नाही. अंधार असतानाच आई फडात जाते. लेकरू कोपीत निजलेले असते, नाहीतर फडाच्या कडेला. आणि या भागात उसात बिबट्याची मादी पिल्ले घालते हे पोराटोरांनाही माहीत आहे. जुन्नर वनविभागाच्या हद्दीत बिबट्याने लेकरू उचलल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो. सरकार भरपाई देते. द्यावीच. पण बिबट्या यायच्या आधी ते लेकरू अंधारात एकटे का होते, हा प्रश्न भरपाईने फिटत नाही. त्याची आई निष्काळजी होती असे कोणी म्हणाले, तर त्याने एकदा पहाटे तीन वाजता फडावर जाऊन पाहावे. निष्काळजीपणा असेलच, तर बाईला कामावर घेताना तिच्या लेकराची सोय पाहिली नाही त्या व्यवस्थेचा आहे.

अशी सोय अशक्य नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक लहानशी तरतूद केलेली होती. कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असली, तर त्यांच्यातल्याच एका बाईला मुले सांभाळायला बसवावे, आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. किती साधी गोष्ट! इमारत नको, अधिकारी नको. एक झाड, एक झोळी, पाण्याचा हंडा आणि एक बाई. सरकारी कामावर जे शक्य मानले गेले, ते उसाच्या फडावर किंवा द्राक्षबागेत का होऊ नये? आपल्यापैकी कित्येक वाचक बागाईतदार आहेत. एका रोजाचा खर्च टोळीमागे सोसला तर कोणी बुडत नाही.

याच नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात. हे नाव या पानावर काही सज्जनांना रुचणार नाही. पण येथेच आपली कसोटी लागते. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांची एक गोष्ट महाराष्ट्रभर सांगतात. खेळ चालू असताना त्यांना कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंतपण झाले, आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या. लोक ही गोष्ट कलानिष्ठेची म्हणून सांगतात. निष्ठा खरीच. त्या बाईला राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला तो उगाच नव्हे. परंतु त्या रात्री तिला रजा का नव्हती, आणि त्या बाळाला आईची ऊब किती वेळ मिळाली, हे कोणी विचारीत नाही. मुंबई इलाख्यात गिरणीतल्या बायांसाठी प्रसूतिकाळाच्या भत्त्याचा कायदा १९२९ साली झाला. त्याआधीच्या वर्षी डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात त्याचा पुरस्कार केला होता. पुढे १९६१ मध्ये केंद्राचा कायदा झाला, २०१७ मध्ये रजा सव्वीस आठवड्यांची झाली. पण ही रजा नोकरीतल्या बाईची. फडात ऊस तोडणारी, फडावर नाचणारी आणि बांधावर खुरपणारी बाई यांना रजा देणारा धनीच नाही. २०१७ च्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये ठरले. नसल्यापेक्षा बरे. मात्र त्या पाच हजारांत किती दिवसांचा विसावा विकत मिळतो, हा हिशेब प्रत्येकाने आपल्या घरच्या बाळंतिणीकडे पाहून करावा.

येथे एक आक्षेप नेहमी येतो. "सरकारने सगळंच द्यायचं म्हटलं तर लोक आळशी होतील. आईबापांचं काम आईबापांनी करावं." आक्षेप खोटा नाही. आईबापांचे काम दुसऱ्या कोणालाही करता येत नाही. परंतु ज्या जोडप्याची आपण वर गोष्ट केली, त्याला आळशी म्हणायला जीभ कशी वळते? आणि समजा, एखादा बाप खरोखर आळशी आहे, दारुडा आहे. तर मग त्याच्या आळसाची शिक्षा कोणी भोगायची? "आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना" अशी ज्याची गत आहे, त्या लेकराला आपण तिसरे वाक्य ऐकवायचे काय, की सरकारही काही देईना? अंगणवाडीत लेकराला आहार मिळतो, डोंगरातल्या गरोदर आणि बाळंत बाईला २०१५ पासून अमृत आहार योजनेत एक वेळचे पोटभर जेवण ठरले आहे, ते बापाला बक्षीस म्हणून नव्हे. ते लेकराचे लेकराला दिलेले आहे. हे दान समजून देऊ नये आणि कोणी उपकार समजून घेऊ नये. दानाचा हात आखडता घेता येतो, देणे आखडता येत नाही. अंगणवाडीतली खिचडी पातळ झाली, तर ते दानात काटकसर झाली असे म्हणून चालणार नाही. ती चोरी होय.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा आहे आणि तो अधिक विचार करण्यासारखा आहे. खाते निराळे म्हणता म्हणता लेकरूच घरापासून निराळे झाले तर? घोडेगावला आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय आहे, आणि डोंगरभागात आश्रमशाळा आहेत. तेथे पोराला जेवण, कपडा, निवारा आणि अक्षरओळख मिळते. आईबाप कामाला खाली उतरले तरी त्याची शाळा बुडत नाही. हे मोठे काम आहे. त्यातून शिकून वर आलेली माणसे आहेत, आणि ते नाकारणे कृतघ्नपणा होईल. तरी पण सहा वर्षांचे पोर आईच्या कुशीतून उठून चाळीस-पन्नास पोरांच्या ओळीत झोपते, त्याला रात्री ताप आला तर कपाळावर हात कोणाचा पडतो, हाही प्रश्न आहेच. सणासुदीला घरी आलेल्या पोराला आपली बोली अडाणी वाटू लागली, हिरड्याचे झाड ओळखता येईना, तर त्याला काही मिळाले आणि काही त्याच्याकडून गेलेही.

म्हणून धोरणाचा क्रम असा असावा असे वाटते. आधी घराला आधार द्यावा, म्हणजे लेकरू घरात राहील. ते साधत नसेल तर नात्यात किंवा ओळखीच्या घरात ठेवावे. तेही नसेल तेव्हाच संस्था. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आता तिला दिलेले आहे. आईबाप दोघेही नाहीत, किंवा एकच उरला आहे, किंवा घर संकटात आहे, अशा मुलाला संस्थेत न घालता कुटुंबातच वाढवावे, आणि त्यासाठी दरमहा मदत द्यावी, हा तिचा हेतू. २०२३ मध्ये ही रक्कम मुलामागे २२५० रुपये झाली. विधवा बाई आपले पोर घेऊन भावाकडे राहते, आजी नातवंडांना सांभाळते, अशी घरे प्रत्येक गावात आहेत. परंतु ही योजना आपल्यासाठी आहे हे त्या आजीला कोण सांगणार? तहसीलदार तिच्या दारी येणार नाही. शेजाऱ्यानेच सांगायचे, अर्ज शेजाऱ्यानेच लिहून द्यायचा.

येथेही खाती मिसळण्याचा धोका असतो. ३० जुलै २०१४ च्या पहाटे आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. १५१ माणसे गेली. सारा देश हळहळला, मदत आली, २०१७ मध्ये नवे गाव उभे राहिले. करोनाच्या साथीत आईबाप गमावलेल्या मुलांसाठीही सरकारांनी विशेष ठेवी ठेवल्या. हे योग्यच झाले. पण त्याच वर्षांत एखाद्या वाडीवर बाप क्षयाने गेला, आई सर्पदंशाने गेली, त्या लेकराची बातमी कोठे आली नाही. त्याची भूक निराळी आहे काय? गाजलेल्या आपत्तीत पोरके झालेले मूल आणि मुकाट्याने पोरके झालेले मूल यांत भेद करणे, म्हणजे लेकराला आईबापांच्या मरणाच्या प्रकारावरून तोलणे. मूल तेच, पोट तेच. मदतही सारखीच पोचली पाहिजे.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. "कायदा घरात शिरला तर घर मोडेल." पोरीचे लग्न सोळाव्या वर्षी करायला निघालेला बाप हेच म्हणतो. तो बाप दुष्ट असतोच असे नाही. पोर एकटी मागे ठेवून कामाला जाता येत नाही, दिवस वाईट आहेत, हुंडा वयाबरोबर वाढतो, अशी त्याची कारणे असतात. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरविले, ते १९७८ मध्ये अठरा झाले. जवळजवळ शंभर वर्षे कायदा आहे आणि तरीही मांडव पडतात. ग्रामसेवक हा खेड्यात बालविवाह रोखणारा अधिकारी आहे. १०९८ या क्रमांकावर कोणीही फोन करून कळवू शकतो. पण कळवणार कोण? त्या मांडवात जेवायला आपणच बसलेले असतो. पंगतीला बसलेल्या माणसाने नंतर कायद्याला नावे ठेवू नयेत.

मात्र मांडव थांबवला की आपले काम संपले असेही नाही. लग्न थांबलेली पोर दुसऱ्या दिवशी कोठे जाणार? तिची शाळा आठवीपर्यंतच गावात असेल आणि पुढच्या शाळेला जायला एस.टी. नसेल, मुक्कामाला वसतिगृह नसेल, तर बाप सहा महिन्यांनी दुसऱ्या गावी मांडव घालील. म्हणून लग्नाचा कायदा, वसतिगृहाची खोली आणि सकाळची एस.टी. या तिन्ही गोष्टी मिळून एक धोरण होते. त्यातली एक काढली की उरलेल्या दोन लंगड्या पडतात. कायदा घर मोडत नाही. घराला आधार न देता नुसताच दटावणारा कायदा तेवढा मोडतो.

सारांश, सरकारचे देणे मोठे आहे आणि ते मागायला आपण लाजू नये. परंतु सरकार गावाच्या वेशीपर्यंत येते, त्याच्या आत गावाचे देणे सुरू होते. पुढच्या ग्रामसभेत रस्ता, गटार आणि सभामंडप यांच्या आधी तीन प्रश्न विचारावेत. गावात जन्मनोंद नसलेले मूल आहे काय? परगावाहून कामाला आलेल्या टोळीतली मुले शाळेत की फडात? आणि बापाविना किंवा आईविना वाढणाऱ्या किती मुलांना त्यांची मदत मिळते? उत्तरे माहीत नसली तर ती पुढच्या सभेपर्यंत शोधून आणावीत, आणि कोणाचा तरी एकाचा नाव घेऊन त्या कामाला नेमावे.

वारीत आपण लहान पोराच्याही पायावर हात ठेवतो आणि त्याला माउली म्हणतो. त्या वेळी त्याचा बाप कोण, जात कोणती, आई काय करते, हे कोणी विचारीत नाही. वारी सरली की तेच पोर गावच्या शाळेच्या दारात, ओसरीवर, फडाच्या कडेला उभे असते. तेथेही ते न विचारता आत घ्यावे, त्याला बसायला द्यावे आणि जेवू घालावे. कागद काय ते मागाहून आपण पुरे करून देऊ.